टायटेनियमच्या चार चकत्या

६ जानेवारी, सोमवार

नवीन वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. ते राहिलंच. पण आजचं लिहून ठेवायला पाहिजे.

दुपारी इंदूरला माझ्या क्लिनिकमध्ये महूहून एक काका आले. दारातूनच “जय भीम, डॉक्टर बेटा” म्हणाले आणि खुर्चीत इतके ताठ बसले की मला खुर्ची मागे झुकवायला संकोच वाटला. नाव चांगदेव. फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, कॉर्नेट मात्र सुटला नाही. स्कूटरवरून पडून वरचा समोरचा दात गेला, तेव्हा तिथे इम्प्लांट बसवलं होतं, म्हणजे हाडात टायटेनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. काही वर्षं मजेत गेली. आता हिरडी सुजते आणि दाबली की पू येतो. जिथे दाखवलं तिथे एकच सांगितलं: काढून टाका.

एक्स-रे काढला. स्क्रूभोवतीचं हाड वाटीच्या आकारात खाल्लं गेलंय, साधारण तिसरा हिस्सा. पण स्क्रू जरासुद्धा हलत नाही. खाली अजून घट्ट धरलाय.

“काढला तर काय होईल?” काकांनी विचारलं.

“खड्डा भरायची वाट बघायची. मग हाड घालायचं, मग नवीन स्क्रू. वर्ष जाईल. तोवर काढता-घालता दात.”

त्यांनी खिशातून कॉर्नेटचा माउथपीस काढला आणि ओठांवर टेकवून दाखवला. सगळा जोर बरोब्बर त्याच दातावर. “काढत्या-घालत्या दातावर हे टिकेल का बेटा?”

नाही टिकणार. मी तसं सांगितलं.

चौदा एप्रिलला पहाटे महूत, बाबासाहेबांच्या जन्मगावी, ते आणि त्यांचे जुने साथीदार सलामी वाजवतात. एकही साल चुकलेलं नाही. “पण एप्रिलचं राहू द्या,” ते म्हणाले. “माझी बायको गेल्यापासून सकाळी उठलो की आधी हेच हातात घेतो. दिवस सुरू कसा करायचा, दुसरं मला माहीतच नाही.”

मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. सध्या वरवर साफ केलं, औषध दिलं. काका गेले आणि मी विचार करत बसले की वेळ घेऊन मी नक्की करणार काय?

७ जानेवारी, मंगळवार

अडचण काय आहे ती स्वतःसाठी सरळ लिहून काढते.

स्क्रूवर जंतूंचा थर बसलाय. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला आतून जो बुळबुळीत थर लागतो, तसाच. पाणी ओतून तो जात नाही, औषधानं पुरता मरत नाही, घासूनच काढावा लागतो. पण हाडानं पकडावं म्हणून स्क्रू मुद्दाम खरखरीत बनवलेला असतो, वर आटे. जे हाडाला आवडतं तेच जंतूंना आवडतं. स्टीलच्या हत्यारानं घासलं तर टायटेनियमवर ओरखडे, प्लास्टिकच्या हत्यारानं घासलं तर प्लास्टिकच चिकटून राहतं. शिवाय ब्रश आहेत, पावडरचा फवारा आहे, लेझर आहे, आम्ल आहे. पेपर वाचत बसले तर प्रत्येकाची पद्धत चांगली आणि शेवटची ओळ सगळ्यांची सारखी: आणखी संशोधन व्हायला हवं.

म्हटलं, मग अपनच करून बघू या.

१० जानेवारी, शुक्रवार

ओळखीच्या डॉक्टरांकडून निकामी होऊन काढलेली इम्प्लांट्स मागवली. स्टेरिलाइझ करून ठेवली. सुमनताई (माझ्या क्लिनिकमधल्या असिस्टंट, खरं म्हणजे क्लिनिकच्या मालकीण) म्हणाल्या, “मॅडम, लोक दागिने जमवतात.”

मायक्रोस्कोप हवा होता. शंतनुला फोन केला. आम्ही शाळेत एका वर्गात होतो, आता तो सांवेर रोडला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. विचारलं, “भिया, तुमच्या लॅबचा मायक्रोस्कोप रविवारी रिकामा असतो का?”

“असतो,” म्हणाला. कशासाठी ते विचारलंच नाही. चांगला मुलगा आहे.

१२ जानेवारी, रविवार

सांवेर रोड रविवारी एकदम सुनसान. शंतनुनं साहेबांची परवानगी काढून ठेवली होती, येताना पोहे-जलेबीही घेऊन आला होता. टेबल पुसून ठेवलेलं, खुर्चीवर नवी गादी. कारखान्यात इतकी स्वच्छता असते हे मला माहीत नव्हतं.

सगळ्या स्क्रूंना निळी पक्की शाई फासली, वाळवली, आणि एकेका पद्धतीनं ठरावीक वेळ साफ करून मायक्रोस्कोपखाली धरलं. प्लास्टिकवाल्यानं काही केलंच नाही म्हणायला हरकत नाही. टायटेनियमच्या बारीक तारांच्या ब्रशनं आट्यांच्या कडा चकाचक केल्या, पण दोन आट्यांमधल्या खोबणीत निळी रेघ तशीच. पावडरचा फवारा खोबणीत घुसला, मात्र आट्याची खालची बाजू, हाडाकडे तोंड करून असलेली, तिथे तोही पोचला नाही. एका सिनिअरांनी दोन स्क्रू लेझरनं साफ करून दिले होते, त्यांचीही खालची बाजू निळीच.

म्हणजे कुठलंही हत्यार घ्या, वरून जे दिसतं तेवढंच साफ होतं.

“झाडू पलंगाखाली जात नाही, तसं,” शंतनु म्हणाला. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. बहुतेक डोळ्यांवर ताण आला असेल, त्या लेन्सनं येतोच.

१६ जानेवारी, गुरुवार

शंतनु क्लिनिकला आला होता. म्हणाला, “दीना, एक डाउट आहे. शाई म्हणजे जंतू नाही ना. शाई कोरडी, तुझा तो थर ओला, जिवंत.”

हेच मला दोन दिवस खात होतं. खरा थर तोंडातच तयार होतो. परदेशात त्यासाठी माणसं तोंडात प्लेट घालतात, प्लेटला टायटेनियमच्या चकत्या लावतात, चार-पाच दिवस ती घासत नाहीत. मग चकत्या काढून तपासतात.

“मग घालू ना,” तो म्हणाला.

“कोण?”

“मी.”

मी समजावलं, बोलताना अडकेल, खाताना काढून ओल्या डबीत ठेवावी लागेल, चार दिवसांनी वास येईल. मी माझ्याच तोंडात घालणार होते, पण दिवसभर पेशंटशी बोलायचं असतं. तो म्हणाला, त्याचं काम बोलण्याचं नाही, बघण्याचं आहे. चकत्याही तोच कापून, कारखान्यात खरखरीत करून आणणार. इतकी विज्ञानाची आवड असलेला माणूस गिअर मोजत बसलाय याचं वाईट वाटतं.

लगेच माप घेतलं. हात बर्फासारखे गार पडले होते बिचाऱ्याचे. मापाचं मटेरियल गार असतं, त्यानं होत असेल.

२० जानेवारी, सोमवार

प्लेट बसली. दोन्ही बाजूंना मिळून चार चकत्या, गालाकडे तोंड करून. शंतनुनं आरशात बघितलं आणि “मथ्त” म्हणाला. सुमनताई आत जाऊन हसत होत्या.

काकांचा फोन आला. पू कमी आहे. वाजवत नाहीत. “फक्त बोटं चालवतो,” म्हणाले. “आवाज डोक्यात ऐकू येतो. पण डोक्यातल्या आवाजाला श्वास लागत नाही ना बेटा, मजा नाही येत.”

२४ जानेवारी, शुक्रवार

चकत्यांवर गुलाबी रंग टाकला, थर सगळीकडे रंगला. शंतनुला अभिमान वाटला. गुरुवारी त्याला ऑफिसात अचानक प्रेझेंटेशन करावं लागलं. मोठ्या साहेबांसमोर “थर, थॅम्पल थाईझ” म्हणत सगळं पार पाडलं. मी विचारलं, प्लेट काढली का नाहीस? म्हणाला, तू सलग चार दिवस म्हणाली होतीस.

असा व्हॉलंटिअर मिळायला नशीब लागतं.

घरी मात्र काहीतरी बिनसलंय. आई त्याच्याशी बोलत नाही म्हणाला. “कशावरून?” “आहे एक.” मी म्हटलं, तू जेवताना प्लेट काढून ताटाजवळ ठेवत असशील, कोणाला किळस येणार नाही? तो म्हणाला, हो, तसंच काहीतरी.

२६ जानेवारी, रविवार

आज सापडलं! निदान सापडल्यासारखं वाटतंय.

जिवंत थर शाईपेक्षा वेगळा निघाला. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझनं नुसतं चोळलं तरी बराच निघतो. उरतं ते खरखरीतपणाच्या आत. त्याला पावडर. साखरेच्या जातीची, अगदी बारीक असते, टायटेनियमला ओरखडत नाही. चकती सपाट, तिला आटे नाहीत, म्हणून पुन्हा शाईचे स्क्रू घेतले. आणि या वेळी फवाऱ्याचं तोंड खालून वर धरलं. काकांचा खड्डा वाटीसारखा रुंद आहे, हिरडी उघडली की तिथे असं हाडाच्या बाजूनं तोंड घालायला जागा मिळेल. खड्डा अरुंद असता तर हे जमलं नसतं. आधी गॉझ, मग ब्रश, मग खालून पावडर, मग भरपूर सलाइन. आट्याच्या खालची बाजू पहिल्यांदा चंदेरी दिसली.

मी ओरडलेच. शंतनुनं मायक्रोस्कोपमध्ये बघितलं, मग माझ्याकडे, म्हणाला, “सुंदर.” खरंच सुंदर होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्साह उतरला. रात्रीपासून मनात येतंय, टेबलावरचा स्क्रू आणि माणसाच्या जबड्यातला स्क्रू यात फरक आहे. तिथे रक्त असतं, गाल आड येतो, थुंकी असते. शिवाय हिरडी उघडून फवारा मारताना हवा आत शिरली तर चेहरा सुजतो. पूर्ण साफ होईल असं मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही.

काकांना बोलावून हे सगळं स्पष्ट सांगितलं. हिरडी थोडी वर सरकेल, दात लांब दिसेल, हेही. आणि साफ करूनही हाड उतरत राहिलं तर शेवटी काढावंच लागेल.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “बँडमध्ये नवीन पोरगा आला की विचारायचा, मैं सही बजाऊँगा कि नहीं? आमचे मास्टर म्हणायचे, ते मला माहीत नाही, पण तू रियाज केलाय ते मला दिसतंय.” मग विचारलं, “तुम्ही केलाय ना बेटा?”

“केलाय, काका.”

“मग बुधवारी येतो.”

५ फेब्रुवारी, बुधवार

झालं.

हिरडी उघडली तेव्हा आधी काही दिसेचना, नुसती सुजलेली लाल ऊती. ती काढली. मग खाली स्क्रू, वरचे आटे पिवळट थरानं माखलेले. सुमनताईंनी गाल धरला होता, त्यांचा हात एकदाही हलला नाही. फवारा अगदी कमी जोरावर ठेवला, तोंड हाडाच्या बाजूनं. एकेक आटा. आरसा पुसायचा, बघायचा, पुन्हा.

शेवटी आरशात चंदेरी दिसलं. अगदी मागची कड सोडून. तिथे माझा आरसा पोचत नव्हता, फवारा पोचला असेल असं धरून चालतेय. हे इथे लिहिते, कारण काकांनाही सांगितलं.

टाके घातले. काकांनी अंगठा वर करून दाखवला.

शंतनु कामावरून मध्येच निघून आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. तापानं फणफणलेल्या पेशंटसारखा दिसत होता. मी “झालं नीट” म्हटल्यावर म्हणाला, “तू जेवलीस का?” आणि डबा पुढे केला. काकांची त्याला इतकी काळजी, आणि भेट तर झालीच नव्हती अजून त्यांची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाके मागेच काढले. सूज नाही, चेहरा सुजला नाही, पू नाही. काका वाजवायची परवानगी मागत नाहीत, नुसते खिशावर हात ठेवून बसतात. ते जास्त वाईट.

४ मार्च, मंगळवार

शंतनुच्या आई आल्या होत्या, सरोजिनीबाई. शिक्षिका होत्या, आता रिटायर. दाढ दुखते म्हणाल्या. नीट बघितलं, ठोकून बघितलं, एक्स-रे काढला. काही नाही. दाढ उत्तम.

मग भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. विचारलं, “तुम्ही महूच्याच का?” “आजोबा फौजेत होते?” “आई-वडील काय करतात?” “क्लिनिक एकटीच चालवता?” मी सगळं सांगितलं. पुष्कळ लोक खुर्चीत भीती लपवायला प्रश्न विचारतात. मी त्यांना हळूहळू बोलतं ठेवलं, दात साफ करून दिले. उठताना म्हणाल्या, “तुझा हात हलका आहे गं.” आल्या तेव्हा “तुम्ही” म्हणत होत्या.

जाताना जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “मला वेळ लागतो. पण मी येते.” मी म्हटलं, सहा महिन्यांनी आलात तरी चालेल.

सुमनताईंनी कपाळावर हात मारला. विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय.

१३ मार्च, गुरुवार

धक्का. काकांच्या तपासणीत एका जागी रक्त आलं. मागच्या बाजूला, जिथे आरसा पोचला नव्हता तिथेच. म्हटलं, संपलं.

मग विचारलं, “काका, मी दिलेला तो बारीक ब्रश रोज फिरवता ना?”

ते खाली बघायला लागले. “पुढून फिरवतो. मागून हिंमत होत नाही. तुम्ही एवढी मेहनत केलीय, माझ्या हातानं बिघडलं तर?”

कॉर्नेटला रोज पॉलिश करणारा माणूस, आणि स्वतःच्या दाताला हात लावायला घाबरतो! थर तासाभरातच पुन्हा जमायला लागतो, रोज काढला नाही तर माझी सगळी मेहनत पाण्यात, हे मी त्यांना इतक्या जोरात सांगितलं की बाहेर बसलेले पेशंट दचकले. मग हातात आरसा देऊन करून घेतलं. दोनदा.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, क्लिनिक बंद. आज शंतनु कानामागे हिरवा रंग तसाच घेऊन दात साफ करायला आला. वर्षात तिसऱ्यांदा. मी म्हटलं, तुझ्या दातांवर काहीच नाही, आता वर्षभर येऊ नकोस. तोंड एवढंसं झालं त्याचं. काही लोकांना क्लीनिंगची सवयच लागते.

२८ मार्च, शुक्रवार

रक्त नाही. कुठेच नाही, मागेही नाही.

“आज वाजवून बघा,” मी म्हटलं. “हलकं, थोडंच.”

काका कॉर्नेट घेऊनच आले होते, स्कूटरच्या डिकीत. खिडकीपाशी उभे राहिले. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. मग एक लांब सूर, न हलणारा, आणि खाली आमच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या गल्लीत हॉर्न वाजवणारा रिक्षावालासुद्धा थांबला. सुमनताईंनी डोळे पुसले. मी आधी हिरडी तपासली, मग डोळे पुसले.

१५ एप्रिल, मंगळवार

काल महूला गेले होते. शंतनु म्हणाला, मीही येतो, काकांना ऐकायचंय. पहाटे त्याच्या बाइकवर निघालो. रस्ताभर माणसं, निळे झेंडे, गाड्या. काका आणि त्यांचे चार साथीदार इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. वाजवलं तेव्हा मी दातच बघत होते. शंतनु हळूच म्हणाला, “ऐक ना, बघू नकोस.” मग ऐकलं. इतकी गर्दी, पण त्या सुराभोवती जागा झाल्यासारखी वाटली.

वाजवून झाल्यावर काका आले. त्यांनी शंतनुचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “तोंडात चकत्या घालून फिरणारे तुम्हीच ना?” शंतनु लाजला.

महूतल्या आमच्या घरासमोर आई-बाबा दरवर्षीसारखे येणाऱ्या लोकांना पुरी-भाजी वाढत होते. शंतनुनं बाह्या वर केल्या आणि वाढायला उभा राहिला. गर्दी ओसरली तेव्हा आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो. माझ्या डोक्यात पुढचं सुरू होतं. मी म्हटलं, “आता अरुंद खड्ड्यावर काम करू. तुझी नवीन प्लेट बनवते, या वेळी सहा चकत्या.”

तो म्हणाला, “दीना, मला दातांत काहीएक इंटरेस्ट नाही.”

मला वाटलं चेष्टा आहे. “मग इतके महिने?”

तो चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून नुसता बघत राहिला, थेट माझ्याकडे. इथे तर लेन्स नव्हती.

मग मला कळलं. सगळं एकदम नाही. एक-एक, मागून पुढे.

“घरी?” मी विचारलं.

“जानेवारीतच सांगितलं. आई पंधरवडाभर बोलली नाही. मग म्हणाली, मी स्वतः बघून येते.”

मी आत पळाले. आई पातेलं घासत होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता म्हणाली, “त्याला आणखी पुरी हवी का विचार.”

१८ एप्रिल, शुक्रवार

काकांची तपासणी. सगळं ठीक, आता दोन्हीकडून ब्रश फिरवतात. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा एक्स-रे काढायचा, हाड थांबलंय की अजून उतरतंय ते तेव्हाच नक्की कळेल.

संध्याकाळी शंतनु आला. दात दाखवायला नाही. बाकावर बसलो. सुमनताई मुद्दाम लवकर घरी गेल्या.

“मग कधी?” त्यानं विचारलं.

“आधी काकांचा ऑगस्टचा एक्स-रे तर येऊ दे.”

“आणि हाड उतरलेलं निघालं तर?”

“तर पुन्हा उघडून साफ करीन,” मी म्हटलं. “त्याचा आपल्याशी काय संबंध? लग्न तर करायचंच आहे.”